रंग कच्चा है, सर

औरंगाबाद, ६ जानेवारी १९८५

श्री. गयासुद्दीन यांस,

चौदा वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे केलं. ते आजपासून बंद. जवळीक होती तोवर एकेरी ठीक होतं. आता ती उरली नाही, तेव्हा व्याकरण सुधारलेलं बरं.

तीन निरोप पाठवूनही तुम्ही निगेटिव्ह दिलेली नाही. म्हणून काय घडलं ते लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विसरलो म्हणायला नको. २५ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, हर्सूल तलावाच्या सांडव्याखाली, पाणकणसाच्या कडेला एका पांढऱ्या गोट्यावर हिरवी मुनिया बसली होती. नुकतीच अंघोळ करून आलेली, पिसं फुलवलेली. पाठ हिरवी, पोट पिवळट, चोच लाल. मी दुर्बिणीतून पाहिली, तुम्ही कॅमेऱ्यातून. आपल्या पक्षी मंडळातले कडूबा मागे दहा पावलांवर बुटातला खडा काढत बसले होते, ते पोचेपर्यंत पक्षी उडाला. तुम्ही तीन फोटो काढले. कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे मला दिसले नाहीत, हेही मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पक्षी पुरता वाढलेला नसेल.

तुम्ही तेव्हा तोंडातल्या तोंडात म्हणालात, "रंग कच्चा है, सर." सकाळचं कोवळं ऊन असलं की तुमचं हे रडगाणं नेहमीचंच. उजेड कच्चा, सावली कच्ची, रंग कच्चा. मी म्हणालो, असू दे, दाब बटण. तुम्ही दाबलंत. म्हणजे पक्षी तुम्ही पाहिला, हे तुमच्याच तोंडून सिद्ध आहे.

आपल्या जिल्ह्यात हिरवी मुनिया आजवर कुणी पाहिलेली नाही. माझ्या यादीत दोनशे दोन पक्षी आहेत आणि ते सगळे माझ्याआधी कुणी ना कुणी पाहून ठेवलेले आहेत. गंगापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेलं मुलांकडून पाठ करून घेतलं. एक गोष्ट माझ्या नावावर असावी असं मला वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जिल्ह्यातल्या पक्ष्यांची आपल्या मंडळाची पुस्तिका मार्चमध्ये छापायला जाते. मुखपृष्ठावर हा फोटो हवा. निगेटिव्ह आठ दिवसांत द्यावी.

ब. ना. वाकळे


औरंगाबाद, २१ जानेवारी १९८५

श्री. गयासुद्दीन यांस,

आठाचे पंधरा दिवस झाले.

काल मी स्वतः बेगमपुऱ्यात तुमच्या दारात आलो होतो. जोहराभाभी पडद्याआडून म्हणाल्या, "वो घर पे नहीं हैं." तुमच्या चपला दाराबाहेर होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तुम्ही गौताळ्याच्या जंगलात काळ्या दोऱ्यानं शिवला होता, दोरा मीच दिला होता. मी पक्षी ओळखतो, तशी चप्पलही ओळखतो. भाभींना खोटं बोलायला लावलंत याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेरा तारखेच्या मंडळाच्या सभेत मी जे बोललो त्याबद्दल माफी मागावी असं नानासाहेबांचं म्हणणं आहे. नानासाहेब वकील आहेत, त्यांना दर गोष्टीत तडजोड दिसते. मी एकच वाक्य बोललो आणि रागात बोललो. तुम्ही सगळ्यांसमोर "मैं वो फोटो नहीं दूँगा" एवढंच म्हणून खाली बसलात. कारण विचारलं तर गप्प. त्यावर माणूस काय आरती ओवाळणार?

कारण मला माहीत आहे. चौदा वर्षं कॅमेरा तुमचा आणि डोळे माझे. शिंजीर कुठं बसतो, वेडा राघू कुठल्या मातीत बीळ करतो, लाल मुनियाचा नर पावसाळ्यात कसा माणकासारखा होतो, हे सगळं मी दाखवलं आणि तुमच्या शहागंजच्या स्टुडिओत काचेमागं फोटो लागले तुमच्या नावाचे. मी कधी काही म्हणालो नाही. पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावावर लागणार, तर तुमच्या पोटात दुखलं. दुसरं काही कारण असेल तर लिहून कळवा.

आमच्या घरीसुद्धा तुमचीच बाजू. लक्ष्मीबाई काल ताट वाढता वाढता म्हणाल्या, "फोटू त्यानं काढला, त्यो नाय म्हनतो तर नाय. तुमाला पाखरू पायजे का मानूस?" मी जेवलो नाही.

ब. ना. वाकळे


औरंगाबाद, १७ फेब्रुवारी १९८५

श्री. गयासुद्दीन यांस,

तुमचं कार्ड मिळालं. महिन्याभरात एक ओळ: "सर, यादीतून माझं नाव काढा." खाली सहीसुद्धा नाही. स्टुडिओचा शिक्का मात्र मारला आहे, जणू मी पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक.

नाव निघणार नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे. नवा पक्षी एकट्यानं पाहिला तर यादीत घ्यायचा नाही, दोन निरीक्षक हवेत. कडूबांनी एकाच उन्हाळ्यात तीनदा एकट्यानं नवरंग पाहिला, तेव्हा वैतागून हा नियम मीच केला. तुमचं नाव काढलं तर हिरवी मुनिया निघते. हे तुम्हाला कळतं आणि कळतं म्हणूनच तुम्ही ते मागता. "क्र. २०३, हिरवी मुनिया, निरीक्षक: ब. ना. वाकळे, गयासुद्दीन" असा मजकूर जुळणीसाठी छापखान्यात गेला आहे. तुम्ही तिथं होता की नव्हता? होता. मग मी काय खोटं लिहिलं?

आता त्या वाक्याबद्दल. नानासाहेबांनी ते तिखटमीठ लावून गावभर केलं आहे, तेव्हा तुमच्यापर्यंत कुठल्या रूपात पोचलं कुणास ठाऊक. तुम्ही सभेतून उठून गेल्यावर मी म्हणालो, "रंगाऱ्याच्या पोराला रंगच दिसणार, पक्षी कुठनं दिसायचा?" एवढंच. यात शिवी कुठं आहे? तुमचे वडील रंगारीच होते.

गौताळ्यात तुम्ही मला जे सांगितलं होतं, ते मी सभेत सांगितलेलं नाही. म्हणजे सगळं नाही. हिमरू कापडाचे माग बंद पडले आणि सूत रंगवायचं काम गेलं, तेव्हा तुमचे अब्बा पाखरं विकणाऱ्यांना साध्या मुनिया रंगवून द्यायचे. तुम्ही त्या मुठीत धरायचात आणि ते ब्रशनं रंग द्यायचे. ईदेच्या नमाजालाही त्यांची बोटं हिरवी असायची म्हणून तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहायला लाजायचात. हे तुम्ही थर्मासमधला चहा पिता पिता सांगितलंत आणि वर म्हणालात, सर, हे आपल्या दोघांतच. कडूबांनी सभेनंतर विचारलं, रंगारी म्हणजे कसले? मी म्हणालो, सुताचे, आणि पुढे पाखरांचेही. माझ्या तोंडून निघून गेलं. कडूबा तसे फार बोलणारे नाहीत.

निगेटिव्हची आता गरज नाही. ड्रॉइंगचे सांडू मास्तर माझ्या वहीवरून चित्र काढून देत आहेत.

ब. ना. वाकळे


औरंगाबाद, १४ एप्रिल १९८५

श्री. गयासुद्दीन यांस,

सोबत पुस्तिकेची प्रत. तुम्ही एक निरीक्षक असल्यानं ती तुम्हाला देणं माझं कर्तव्य आहे, प्रेमानं पाठवली असं समजू नये.

मुखपृष्ठ बघा. सांडू मास्तरांनी हिरव्या मुनियाला झकास उठाव दिला आहे. कुशीवर पट्टेही काढले आहेत. मी सांगितलं नव्हतं, पण पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्रात ते होते म्हणून त्यांनी काढले आणि मला ते शोभून दिसले. प्रकाशनाला पंचेचाळीस माणसं होती. कलेक्टर कचेरीतले एक साहेब म्हणाले, वाकळे सर, औरंगाबादला तुम्ही नकाशावर आणलं. औरंगाबाद आधीपासूनच नकाशावर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. बरं वाटत होतं.

समोरच्या रांगेत तुमची खुर्ची रिकामी होती. कडूबांनी तिच्यावर बूट काढून ठेवले, तेव्हा मी त्यांना ते उचलायला लावले. याचा अर्थ तुम्ही भलताच काढू नका. सभेच्या शिस्तीचा प्रश्न होता.

पुण्याच्या एका अभ्यासकांना प्रत पाठवली होती. त्यांचं पत्र आलं आहे. अभिनंदन केलं आहे आणि दोन बारीक शंका विचारल्या आहेत. चित्रात पट्टे आहेत, वर्णनात नाहीत, असं कसं? आणि फोटो असल्याचा उल्लेख आहे, तो पाहायला मिळेल का? असल्या लोकांना शंका काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तरीपण त्यांना उत्तर द्यायला हवं. मला निगेटिव्ह नको, एक प्रत काढून पाठवा. तेवढं केलंत तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

ब. ना. वाकळे


औरंगाबाद, ९ जून १९८५

श्री. गयासुद्दीन यांस,

तुमचं पाकीट मिळालं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे फोटो, वहीच्या पानाएवढा मोठा केलेला. चिठ्ठी नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीची खूणही नाही. काय बघायचं ते माझं मी बघावं, असा तुमचा इरादा दिसतो. विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची असते, मास्तरची नाही.

फोटो उत्तम आहे. तुमचा हात चांगला आहे हे मी कधीच नाकारलेलं नाही. पक्षी इतका जवळ आलाय की डोळ्यात सांडव्याची भिंत दिसते.

गोट्यावर पक्ष्याच्या पोटाखाली जो हिरवा ओघळ आहे, ते शेवाळ आहे. सांडव्याखाली बारमाही पाणी असतं, शेवाळ असणारच. शेपटीच्या मुळाशी चार पिसं तांबूस-तपकिरी दिसतात आणि त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, तो उजेडाचा खेळ आहे. तुम्हीच म्हणाला होता, रंग कच्चा आहे.

फोटो मी अजून पुण्याला पाठवलेला नाही. पाकीट फाटकं निघालं, दुसरं आणायचं आहे.

लक्ष्मीबाईंनी फोटो पाहिला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याचा लुगड्यावानी रंग सुटतोय की वो." त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नाही.

ब. ना. वाकळे


औरंगाबाद, १४ जुलै १९८५

गयास,

अहो-जाहो बंद करतो. भांडायला ते सोयीचं होतं, पण कबुली देताना तोंडात अडकतं.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी छावणीच्या बाजारात गेलो होतो. शेळ्यांच्या पलीकडं, जिथं तू मला चौदा वर्षांत एकदाही येऊ दिलं नाहीस, तिथं. बांबूच्या पिंजऱ्यात मुनिया होत्या. पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या. युसूफचाचा म्हणून एक म्हातारे बसले होते. मी फोटो काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्यांदा विचारलं, फोटो गयासुद्दीननं काढला का? मग म्हणाले, लाल मुनियाची मादी आहे. चोच मुळातली लाल, म्हणून रंगवायची मेहनत वाचते. उडून गेलेल्या असतात काही, पहिल्या अंघोळीला उतरतात.

मी विचारलं, तुम्ही पक्का रंग का वापरत नाही? म्हातारा माझ्याकडं, शाळेत मी अगदी ढ मुलाकडं बघायचो, तसा बघत राहिला. "पक्का डाले तो पंछी मर जाता, मास्टर. गयासुद्दीन का बाप सूत पे पक्का डालता था, मुनिया पे हमेशा कच्चा."

घरी येऊन वह्या काढल्या. तुला वाटेल की मला बाजारात कळलं. तसं लिहून टाकायचा मोह झाला होता, मघाशी एक कागद तसा लिहून फाडलाही. पण खरं ते असं. हिरव्या मुनियाचं पिल्लू असतं, पट्टे नसतात, तेव्हा चोच काळी असते. लाल चोच आणि पट्टे नाहीत, असा पक्षी देवानं केलेलाच नाही. हे मीच तुला खुलताबादच्या वाटेवर पुस्तक उघडून शिकवलं होतं. २५ नोव्हेंबरला मी वहीत "चोच" लिहिलं आणि पुढं रंग लिहायला पेन उचललं, तेव्हा ते मला आठवलं होतं. मी "लाल" लिहिलं आणि वही मिटली. गोट्यावरची हिरवी ओल मी दुर्बिणीतूनच पाहिली होती. ती पक्ष्याबरोबर सरकत होती. शेवाळ सरकत नाही.

आणि तू काय म्हणालास तेही मला तेव्हाच कळलं होतं. कडूबा मागे होते. रंगवलेला पक्षी आहे असं म्हणाला असतास तर हे तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. म्हणून गौताळ्यात तू मला समजावलेला शब्द वापरलास. कच्चा रंग म्हणजे धुतला की जाणारा. तो शब्द त्या सांडव्याखाली फक्त मला कळणार होता आणि मी तो उजेडावर ढकलला. सहा महिने प्रत्येक पत्रात ढकलत राहिलो.

याचा अर्थ माझा राग गेला असा नाही. मला तुझा भयंकर राग येतो. तू मंडळात ओरडून का नाही सांगितलंस? तू "फोटो नहीं दूँगा" म्हणून खाली बसलास, आणि तुझ्यामागं मी तुझ्या बापाचा धंदा वेशीवर टांगला तरी एका ओळीच्या कार्डावर थांबलास. तुला वाटलं फोटो बाहेर आला नाही तर म्हातारा तोंडघशी पडणार नाही. कुणी सांगितलं होतं मला सांभाळायला? सांभाळून घेतलेल्या माणसाला आपण किती खालच्या पायरीवर उभे आहोत ते उशिरा कळतं, आणि मग वर बघवत नाही. एकदा माझ्या अंगावर आला असतास तर मीही तुझ्याशी सरळ भांडलो असतो.

असो. कामाचं लिहितो.

पुस्तिकेच्या दीडशे प्रती. चौऱ्याण्णव वाटल्या गेल्या होत्या, त्यातल्या एक्काहत्तर मी घरोघर जाऊन परत आणल्या. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवलं आहे. खळ लक्ष्मीबाईंनी करून दिली. पुण्याला फोटो आणि शुद्धिपत्र दोन्ही गेलं. मजकूर असा:

"पान ४१, क्र. २०३. अशुद्ध: हिरवी मुनिया. निरीक्षक: ब. ना. वाकळे, गयासुद्दीन. शुद्ध: लाल मुनिया, मादी, माणसाने रंगवलेली. रंग कच्चा. निरीक्षक: गयासुद्दीन. त्यांनी हे जागेवरच सांगितले होते. मुखपृष्ठावरील चित्र चुकीचे आहे."

तू तुझं नाव काढायला सांगितलं होतंस. ते मी काढलेलं नाही. माझं काढलं. दोन निरीक्षकांचा नियम यात मोडतो हे कडूबांनी दाखवून दिलं. मी म्हणालो, मोडू दे.

यादी पुन्हा दोनशे दोनवर आली. ते सगळे खरे आहेत आणि त्यातले एकशे ऐंशीच्या वर आपण दोघांनी मिळून पाहिलेले आहेत, मी मोजले.

राहिलं ते सभेतलं वाक्य. मागच्या रविवारी सभेत उभा राहिलो आणि जे जे मी बोललो ते चूक होतं असं म्हणालो. नानासाहेबांनी टेबलावर हात आपटून शाबासकी दिली, तेव्हाच कळलं की हे काही खरं नव्हे. ते वाक्य शुद्धिपत्रात घालता येत नाही. त्याला पान नाही, क्रमांक नाही. ते जिथं लागलं तिथंच जाऊन खोडावं लागेल.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी बेगमपुऱ्यात येतो. कॅमेरा, दुर्बीण काही नको, फिरायला जायचं नाही. दारात उभा राहीन. भाभी म्हणाल्या की तू घरी नाहीस, तर मी परत जाईन. तुझी ती काळ्या दोऱ्याची चप्पल दाराबाहेर दिसली, तरी या वेळी मी भाभींचं खरं मानीन.

बद्रीनाथ